एन्झाइम वाढवू नका, आधी ऑक्सिजन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रयोगशाळेत ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या (म्हणजे ग्लुकोजच्याच) द्रावणात ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम घातलं, फ्लास्क शेकरवर ठेवला आणि काही तासांत जवळपास सगळ्या साखरेचं ग्लुकॉनिक ॲसिड झालं. तेच २०० लिटरच्या टाकीत २० टक्के द्रावणावर केलं, तर गाडी ६० टक्क्यांच्या आसपास अडकली. एन्झाइम दुप्पट केलं तरी फरक पडला नाही. आता तिप्पट करावं का, एन्झाइम मण्यांवर बसवून पुन्हापुन्हा वापरता येईल का, आणि डेक्स्ट्रोजऐवजी उसाची साखर घेतली तर स्वस्त पडेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. तिप्पट करू नका. पैसे जातील आणि बॅच तिथेच अडकेल. तुमच्या टाकीत कमी आहे तो ऑक्सिजन, आणि बहुधा कॅटालेज हे दुसरं एन्झाइमसुद्धा.

ग्लुकोज ऑक्सिडेज ग्लुकोजमधून दोन हायड्रोजन काढतं आणि ऑक्सिजनला देतं. ग्लुकोजचं ग्लुकोनोलॅक्टोन होतं, ते पाण्यात आपोआप उलगडून ग्लुकॉनिक ॲसिड बनतं. ऑक्सिजनचं मात्र हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. कॅटालेज त्या पेरॉक्साइडचं पाणी करतं आणि निम्मा ऑक्सिजन परत देतं. सगळा हिशोब जुळवला तर १८० ग्रॅम ग्लुकोजला १६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि १९६ ग्रॅम ग्लुकॉनिक ॲसिड मिळतं. कागदावर इतकी स्वच्छ प्रक्रिया क्वचितच सापडते. कार्बन कुठेही वाया जात नाही.

आता तुमच्या टाकीचे आकडे मांडू. लिटरला २०० ग्रॅम ग्लुकोज म्हणजे लिटरला सुमारे १७.८ ग्रॅम ऑक्सिजन. ३० अंश सेल्सिअसला हवेने संपृक्त झालेल्या साध्या पाण्यात ऑक्सिजन मावतो लिटरला फक्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, आणि साखरेच्या दाट द्रावणात त्याहूनही कमी. लिटरला ७ मिलिग्रॅम धरले तरी बॅच पूर्ण होईपर्यंत द्रावणातला ऑक्सिजनचा सगळा साठा सुमारे २५०० वेळा संपून पुन्हा भरावा लागतो. फ्लास्कमध्ये द्रव थोडा, पृष्ठभाग मोठा आणि साखर चौथा हिस्सा होती, म्हणून ते सहज जमलं. २०० लिटरच्या उभ्या टाकीत वरच्या पृष्ठभागातून येणारा ऑक्सिजन धरण्यासारखा नसतो. जे काही येईल ते बुडबुड्यांतूनच. गव्हाणीत ऊसच पडत नसेल, तर कारखान्याची गाळप क्षमता वाढवून साखर वाढत नाही. तुम्ही एन्झाइम दुप्पट केलंत तेव्हा हेच झालं.

शिवाय या एन्झाइमला ऑक्सिजन भरपूर लागतो. हवेने संपृक्त पाण्यात जेवढा ऑक्सिजन असतो, साधारण त्या पातळीला ते आपल्या पूर्ण वेगाच्या निम्म्यावर असतं. डीओ मीटर, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा मीटर, २० टक्के दाखवत असेल, तर तुम्ही विकत घेतलेल्या एन्झाइमचा मोठा भाग हात बांधून बसलेला आहे.

हे माझ्या शब्दावर मानू नका. तुमच्याच टाकीवर तपासा, त्यासाठी वेगळं उपकरण लागत नाही. पीएच टिकवायला तुम्ही कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, घालतच असता. प्रत्येक १८० ग्रॅम ग्लुकोजमागे ४० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड जातं, म्हणजे कॉस्टिकची टाकी हाच तुमचा वेगमापक. तिला वजनकाट्यावर ठेवा आणि दर अर्ध्या तासाला वजन लिहा. शेजारच्या रकान्यात डीओ लिहा. एकूण कॉस्टिकचा आलेख सरळ रेषेत चढतोय आणि डीओ तळाला चिकटलाय, तर ऑक्सिजन कमी पडतोय. एन्झाइम पुरेसं आहे, ते वाट बघतंय. कॉस्टिक मंदावलंय आणि डीओ वर चढायला लागलाय, तर ऑक्सिजन आहे पण खाणारं कोणी उरलेलं नाही. तेव्हा साखर तरी संपली किंवा एन्झाइम तरी मेलं. ६० टक्क्यांवर अडकलेल्या बॅचमध्ये साखर संपलेली नाही हे उघड आहे. माझा अंदाज असा की तुमच्या नोंदीत ही दोन्ही चित्रं एकामागोमाग दिसतील. आधी बराच वेळ सरळ रेषा, मग डीओची चढण.

या दुसऱ्या भागाचं कारण पेरॉक्साइड. तुम्ही एन्झाइम कोणत्या ग्रेडचं घेतलं ते लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे सहज मिळणारं ग्लुकोज ऑक्सिडेज बरेचदा बेकरीसाठीचं असतं. ब्रेडच्या पिठात पेरॉक्साइड हवंच असतं, त्याने ग्लुटेन घट्ट होतं. म्हणून त्या ग्रेडमध्ये कॅटालेज मुद्दाम कमी ठेवतात, आणि पुष्कळदा ते गव्हाच्या पिठावर किंवा स्टार्चवर चढवलेलं असतं, त्यामुळे द्रावणही गढूळ होतं. असं एन्झाइम २० टक्के ग्लुकोजवर घातलं आणि कॅटालेज अजिबात नसलं, तर सगळी साखर संपेपर्यंत लिटरला सुमारे ३८ ग्रॅम पेरॉक्साइड तयार व्हायला हवं. जखम धुवायला औषधाच्या दुकानातून आणतो ते साधारण ३ टक्क्यांचं असतं, म्हणजे त्याहूनही हे जहाल. तुमचं एन्झाइम त्यात टिकणार नाही. तुमच्या फ्लास्कमध्ये साखर ५ टक्केच होती, त्यामुळे हा आकडा १ टक्क्याच्या आतच राहिला असता आणि एन्झाइमने मरायच्या आधी काम उरकलं. आणखी एक, कॅटालेज नसेल तर तो निम्मा ऑक्सिजन परत मिळत नाही, म्हणजे मुळात अपुऱ्या ऑक्सिजनची गरज दुप्पट होते.

कॅटालेज असलं तरी ते अमर नाही. पेरॉक्साइड साचलं की तेही निकामी होतं. हळू चालणाऱ्या बॅचमध्ये तास वाढत जातात, कॅटालेज आधी थकतं, मग पेरॉक्साइड वाढतं, मग ऑक्सिडेज जातं. हे घसरणं सुरू झालं की वरून ऑक्सिडेज ओतून थांबत नाही. म्हणून पुरवठादाराकडून दोन्ही एन्झाइमांच्या ॲक्टिव्हिटीचा, म्हणजे काम करण्याच्या ताकदीचा, दाखला मागा. अंड्याची पावडर करण्याआधी अंड्यातलं ग्लुकोज काढायला जे मिश्रण वापरतात त्यात कॅटालेज असतंच, ते चौकशी करण्यासारखं आहे. वेगळं कॅटालेज घेणार असाल तर बुरशीपासूनचं, म्हणजे ॲस्परजिलस नायजरचं घ्या. गुरांच्या यकृतापासूनचं कॅटालेज आम्लात आणि पेरॉक्साइडमध्ये लवकर हार मानतं. सगळं सुरुवातीला न टाकता थोडं राखून ठेवा. पेरॉक्साइडच्या कागदी पट्ट्या मिळतात, दर दोन-तीन तासांनी एक बुडवा आणि पट्टीचा रंग चढायला लागला की राखलेलं कॅटालेज घाला.

साखर मोजण्याबद्दल इथेच सांगतो, कारण तुमचा ६० टक्क्यांचा आकडाच कदाचित खरा नसेल. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातली साखर मोजायला जे जीओडी-पीओडी किट असतं, ते पुष्कळजण या कामाला वापरतात. त्या किटमध्ये हेच ग्लुकोज ऑक्सिडेज आहे, आणि त्यातून निघालेल्या पेरॉक्साइडमुळे रंग येतो. तुमच्या नमुन्यात आधीच पेरॉक्साइड असेल तर साखर आहे त्यापेक्षा जास्त दिसते. कॅटालेज जिवंत असेल तर ते किटमधलं पेरॉक्साइड खाऊन टाकतं आणि साखर कमी दिसते. त्यात नमुना लॅबला पोचेपर्यंत बाटलीतही प्रक्रिया चालूच राहते. नमुना काढल्याबरोबर उकळत्या पाण्यात पाच मिनिटं धरा, गार करून गाळा, मगच मोजा. त्याने एन्झाइम मरतं, पण साचलेलं पेरॉक्साइड सगळं जाईलच असं नाही, म्हणून पट्टीने एकदा खात्री करा. द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राची सोय जवळच्या कॉलेजात असेल तर उत्तमच. आणि कॉस्टिकच्या वजनावरून काढलेला आकडा याच्याशी ताडून बघा. दोन्ही जुळले तर निश्चिंत व्हा.

आता ऑक्सिजन वाढवायचा कसा. २०० ग्रॅम साखर २० तासांत संपवायची तर तासाला लिटरमागे १० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण ०.९ ग्रॅम ऑक्सिजन द्रावणात उतरायला हवा. संपृक्त पातळी ६ मिलिग्रॅम आणि टाकीत २ मिलिग्रॅम राखायचे ठरवले, तर ढकलणारा फरक उरतो ४ मिलिग्रॅम. भागाकार केला की ऑक्सिजन उतरण्याचा गुणांक, म्हणजे केएलए, तासाला सव्वादोनशेच्या आसपास लागतो. मिसळण्यापुरता पंखा आणि तळाशी एक उघडा पाइप एवढ्यावर हा आकडा येत नाही. बुडबुडे तळाशी मोठे निघतात आणि सरळ वर जाऊन फुटतात. पाइपऐवजी गोल स्पार्जर, म्हणजे हवा सोडणारी भोकांची कडी, बसवा, त्याची भोकं सपाट पात्यांच्या रशटन टर्बाइनच्या (ढवळणाऱ्या पंख्याच्या) बरोबर खाली येऊ द्या, आणि टाकीच्या आतल्या भिंतीला चार बॅफल, म्हणजे उभ्या पट्ट्या, लावा. बॅफल नसतील तर द्रव नुसता गरगर फिरतो आणि बुडबुडे चिरले जात नाहीत. घनमीटरला १ ते २ किलोवॅट ताकद द्रवात पोचली आणि मिनिटाला टाकीच्या आकारमानाइतकी हवा दिली, तर पाण्यासारख्या पातळ द्रावणात हा गुणांक गाठता येतो. २०० लिटरला म्हणजे जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीची खरी ताकद. मोटर मात्र त्याहून मोठी घ्या, गिअरबॉक्स आणि सील आपला वाटा घेतात.

ताकद वाढवणं शक्य नसेल तर दाब वाढवा. टाकीत वातावरणाच्या वर आणखी १ बार दाब ठेवला की द्रावणात ऑक्सिजन जवळपास दुप्पट मावतो. अट एकच, टाकी दाबासाठी बनवलेली आणि तपासलेली असली पाहिजे. दुधाच्या किंवा रसाच्या जुन्या स्टीलच्या टाकीचं झाकण आवळून हा प्रयोग कृपा करून करू नका. २०० लिटरच्या टाकीतली दाबलेली हवा माणूस मारू शकते.

तिसरा मार्ग म्हणजे हवेत सिलिंडरचा ऑक्सिजन मिसळणं. शुद्ध ऑक्सिजनने संपृक्त पातळी हवेच्या जवळपास पाचपट होते. पण सगळा शुद्ध देण्याची गरज नसते, हवेतलं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत नेलं तरी पातळी जवळजवळ दुप्पट होते. ऑक्सिजनच्या लाइनवर तेल किंवा ग्रीसचा अंशही नको, आणि टाकीतून निघणारी हवा शेडबाहेर सोडा. वेग वाढला की पेरॉक्साइडही त्याच वेगाने बनणार, म्हणून कॅटालेजची पूर्ण तयारी झाल्याशिवाय हे पाऊल उचलू नका.

किंवा घाई सोडा. २० ऐवजी ४० तास दिले तर गुणांक निम्मा पुरतो. पण गोड द्रावण, पीएच साडेपाच आणि ३० अंश म्हणजे यीस्टसाठी आयती मेजवानी. सिरप आधी पाश्चराइझ करून गार करा, हवा गाळूनच आत सोडा, आणि एन्झाइमला उष्णता चालत नाही म्हणून ते ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून घाला. बॅचला आंबूस-दारूसारखा वास आला, तर साखर गेली पण ॲसिड झालं नाही असं समजा. कॉस्टिकचा हिशोब तिथेही सांगतोच.

पीएच ५.५ ते ६ ठेवताय ते बरोबर आहे. कॉस्टिक कुठे पडतंय ते मात्र बघा. तुमच्या ४० किलो ग्लुकोजला जवळपास ९ किलो सोडियम हायड्रॉक्साइड जाणार. ते ५० टक्क्यांचं दाट कॉस्टिक वरून पृष्ठभागावर ठिबकत असेल, तर प्रत्येक थेंबाभोवती क्षणभर पीएच १२ च्या वर जातो आणि तेवढ्या भागातलं एन्झाइम खलास होतं. मीटर मात्र सगळं सुरळीत दाखवतो. २०-२५ टक्क्यांपर्यंत पातळ करा आणि नळी टर्बाइनच्या जवळ खाली न्या. पातळ केल्याने आकारमान वाढतं, ते सुरुवातीच्या पाण्यातून वजा करा. चुनखडी स्वस्त म्हणून काहीजण तिने पीएच धरतात, पण कॅल्शियम ग्लुकोनेट पाण्यात फारसं विरघळत नाही, १०० मिलिलिटरला साडेतीन ग्रॅमच्या आसपास. २० टक्के साखरेवर टाकीत खडे धरतील आणि स्पार्जरची भोकं बुजतील. इंजेक्शनच्या दर्जाचं कॅल्शियम ग्लुकोनेट हा वेगळा, फार कडक शिस्तीचा धंदा आहे. प्रसूतिगृहात मॅग्नेशियम सल्फेट जास्त झालं तर उतारा म्हणून तेच देतात, आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडने भाजलं तर रासायनिक कारखान्यांत त्याचंच जेल लावतात. तिथे पहिल्याच उत्पादनात पाय टाकू नका.

तापमान ३० ते ३५. एन्झाइमच्या पत्रकात याहून जास्त लिहिलेलं असेल, पण तो वेग थोड्या मिनिटांच्या चाचणीतला असतो. तापमान वाढलं की ऑक्सिजन कमी विरघळतो आणि एन्झाइमचं आयुष्य घटतं. प्रक्रिया स्वतः उष्णता सोडते, वेग वाढवल्यावर टाकीभोवतीच्या जॅकेटमध्ये गार पाणी लागेलच. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचं पाणीच ३० च्या वर असतं, ते आधी मोजून घ्या.

मण्यांवर बसवण्याबद्दल. ग्लुकोज आयसोमरेज मण्यांवर बसवून ग्लुकोजचं फ्रुक्टोज करणारे कॉलम महिनोन्महिने चालतात, ते वाचून हा विचार सुचणं साहजिक आहे. पण तिथे वायूचा संबंधच नाही. आपल्या एन्झाइमला मण्याच्या पोटात ऑक्सिजन पोचायला हवा आणि पेरॉक्साइड बाहेर यायला हवं, आणि दोन्ही वाटा अरुंद. वरचा पातळ थर काम करतो, आतला उपाशी राहतो, आणि जिथे काम होतं तिथेच पेरॉक्साइड साचतं. कॅटालेज त्याच मण्यावर शेजारी बसवून हे सुधारतं, पण तुमच्या आकाराच्या कामात मी हा खटाटोप करणार नाही. एन्झाइम पुन्हा वापरायचंच असेल तर अल्ट्राफिल्ट्रेशन बघा. ग्लुकोज ऑक्सिडेजचं रेणुवजन सुमारे १,६०,०००, कॅटालेजचं त्याहून जास्त, आणि ग्लुकोनेटचं २०० च्या आसपास. १० ते ३० हजारांच्या कटऑफचा, म्हणजे त्याहून जड रेणू अडवणारा, पडदा दोन्ही एन्झाइम मागे धरतो आणि माल पुढे जाऊ देतो. मागे राहिलेल्यात ॲक्टिव्हिटी किती उरली ते मोजून तूट भरायची. बॅच नीट पूर्ण व्हायला लागल्यावरच याचा हिशोब मांडा.

आता उसाची साखर. ग्लुकोज ऑक्सिडेज सुक्रोजला हात लावत नाही. आधी इन्व्हर्टेजने तिचे दोन तुकडे करावे लागतात, आणि त्यातलं ग्लुकोजच आपल्या कामाचं. १ किलो साखरेतून ५२६ ग्रॅम ग्लुकोज आणि तितकंच फ्रुक्टोज निघतं, आणि हाती लागतं फार तर ५७३ ग्रॅम ग्लुकॉनिक ॲसिड. उरलेल्या फ्रुक्टोजला स्वतंत्र गिऱ्हाईक असेल आणि ते वेगळं काढायची आयन एक्स्चेंजची किंवा क्रोमॅटोग्राफीची सोय असेल तरच हे परवडेल. नसेल तर निम्मा कच्चा माल तुम्ही अशुद्धी म्हणून विकत घेताय. मक्याच्या स्टार्चपासूनचं डेक्स्ट्रोज किलोला महाग वाटलं तरी त्यातलं जवळजवळ सगळं कामाला येतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना हे पटायला जड जातं ते मला कळतं, दारात साखर असते. पण त्या साखरेचं ॲसिडच करायचं असेल तर लॅक्टिक ॲसिड बघा. लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही वापरतात. मात्र तिथे नुसतं एन्झाइम बाटलीतून ओतून भागत नाही. साखरेपासून लॅक्टिकपर्यंत दहाच्या वर पायऱ्या आहेत आणि मधले सहघटक सतत भरून काढायला जिवंत पेशीच लागते. सायट्रिकचंही तेच. एकाच एन्झाइमच्या जोरावर, पेशीशिवाय चालतं असं ग्लुकॉनिक हे मोजक्या ॲसिडांपैकी एक, आणि त्यातही जगभरात मोठ्या प्रमाणावर ते ॲस्परजिलस नायजर किंवा ग्लुकोनोबॅक्टर वाढवूनच करतात. पुढेमागे तिकडे वळायचं ठरलं तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून जिवाणू-बुरशीचे खात्रीचे वाण मिळतात. ऑक्सिजनचं गणित तिथेही तुमचा पिच्छा सोडणार नाही.

माल विकण्याचा विचार करताना भुकटीच्या मागे लगेच लागू नका. ४० किलो ग्लुकोजच्या पूर्ण बॅचमधून सुमारे ४८ किलो सोडियम ग्लुकोनेट निघतं. त्याचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे काँक्रीटची रसायनं बनवणारे, कारण ते काँक्रीटचं घट्ट होणं लांबवतं आणि मुंबई-पुण्याच्या वाहतुकीत अडकलेल्या मिक्सर ट्रकला तेच हवं असतं. हे लोक ते पाण्यातच मिसळतात, म्हणून जवळचा कारखाना असेल तर निर्वात बाष्पक वापरून दाट केलेलं द्रावण चालू शकतं आणि स्फटिकीकरण वाचतं. दाट करताना पीएच ७ च्या वर जाऊ देऊ नका, उरलेली साखर तपकिरी होते. उरलेल्या साखरेचा आकडा गिऱ्हाइकाला आधीच सांगा, कारण साखर स्वतःच सिमेंटला ग्लुकोनेटसारखी धरून ठेवते आणि बॅचबॅचला ती बदलली तर काँक्रीट कधी सहा तासांत घट्ट होईल, कधी दुसऱ्या दिवशीही होणार नाही. आयएस ९१०३ या काँक्रीटच्या रसायनांसाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे चाचणी त्यांच्याच सिमेंटवर, त्यांच्याच प्रयोगशाळेत करून घ्या, आणि एकाच बॅचची नाही तर लागोपाठच्या तीन बॅचची.